बांधणीच्या दिवशी तीनची गाडी

सोमवारी दुपारी तीनच्या गाडीत कोलू मडावी बसला नसता, तर त्याचं शिक्षण तिथेच संपलं असतं. यात वाढवून सांगण्यासारखं काही नाही. वडशाच्या मिडल शाळेची सातवीची मुलं फायनल परीक्षेला चांद्याला जायची. तिकडे जाणारी लहान रुळांची गाडी दुपारी तीनला, आणि पहिला पेपर मंगळवारी सकाळी सातला. एक पेपर बुडाला की सगळी परीक्षा बुडाली. पुढच्या वर्षी पुन्हा बसू, असं म्हणायची सोय दुकानदारांच्या आणि रेल्वेबाबूंच्या पोरांना होती. कोलूला नव्हती. वसतिगृहात सातवीचं दुसरं वर्ष कुणालाच काढू देत नसत, आणि वसतिगृह नाही म्हटल्यावर जंगलातून पाच कोस चालत रोज शाळेत येणार कोण?

चार वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा वर्गात बसला तेव्हा हजेरीला काय म्हणायचं हेसुद्धा त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी नाव पुकारलं, तो 'हजर'ऐवजी आपला सरळ घरच्यासारखं 'हाव', म्हणजे हो, म्हणाला. अख्खा वर्ग खो खो हसला. आठवडाभर पोरं त्याला हाव्या म्हणत होती. दुसऱ्या दिवशी हजेरीला त्याच्या शेजारच्या मुश्ताकचं नाव आलं, तर हा पठ्ठ्याही मुद्दाम 'हाव' म्हणाला आणि हातावर दोन छड्या खाऊन खाली बसला. कोलूकडे त्यानं पाहिलंही नाही. त्या दिवसापासून दोघांचं बाक एक, पाटी एक, आणि मुश्ताकच्या घरून येणारी भाकरही अर्धी अर्धी. भूमितीत मात्र मुश्ताकचं डोकं चालत नसे. तिथे कोलू त्याचा मास्तर होता.

अशा त्या कोलूला हेडमास्तर डोर्लीकरांनी शनिवारी दोन दिवसांसाठी घरी सोडलं, ते तांदळासाठी. चांद्याला चार दिवस राहायचं आणि ज्याचा त्याचा शिधा ज्यानं त्यानं आणायचा, अशी पद्धत होती. "सोमवारी सकाळी दहाला शाळेत," डोर्लीकरांनी बजावलं. "दहा म्हणजे दहा. तुमच्याकडचे दहा नकोत मला." कोलूनं मान डोलावली. तो कोसमटोल्याला पोचला तेव्हा बाप घरी नव्हता, डोंगरावर देवाच्या जागी उपासाला बसला होता. माय सोमारीनं तांदूळ कांडून ठेवले, आणि परवा शाळेत जातो म्हणाल्यावर तिनं नुसतं "हाव" म्हटलं.

सोमवारी तांबडं फुटता फुटता तो निघाला. खांद्यावर तांदळाचं गाठोडं, हातात कंपासपेटी. गावाबाहेर पडायच्या वाटेवर आला आणि त्याचे पाय जागच्या जागी थांबले.

वाटेवर या झाडापासून त्या झाडापर्यंत पळसमुळ्यांची दोरी आडवी बांधलेली होती. तिला बिब्याच्या डहाळ्या लोंबत होत्या. खाली राखेची रेघ ओढलेली होती, आणि ती रेघ झुडपांतून, बांधावरून गावाला वळसा घालून गेली होती. दोरीच्या अलीकडे त्याचा बाप जंगू उभा होता. तीन दिवसांच्या उपासानं त्याचे डोळे खोल गेले होते. मागे चार गडी बांबू घेऊन उभे होते.

जंगू हा कोसमटोल्याचा भुमका, म्हणजे गावाच्या देवांचं सारं करणारा. पलीकडच्या गावात देवीची साथ आली होती आणि जंगूनं पहाटे गाव बांधलं होतं. एकदा गाव बांधलं की दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत गावातलं माणूस बाहेर जायचं नाही आणि बाहेरचं आत यायचं नाही. बांधणी कधी आहे हे भुमका कुणालाही आधी सांगत नसे, बायकोलाही नाही. बोललं की आजाराला ऐकू जातं, असा समज होता. लोक उठायचे तेव्हा दोरी बांधलेली असायची.

"बा," कोलू म्हणाला, "मले जायचं आहे. आज गाडी आहे माझी."

"आज नाई," जंगू शांतपणे म्हणाला. "तुही गाडी बस्तरवारी. तीन गाठी बाकी आहेत अजून. मी पाहूनच बांधनी धरली."

कोलू घराकडे पळत सुटला.

गाठींचं असं होतं. कोसमटोल्यात पुढचा दिवस कळवायचा तर दोरीला गाठी मारून पाठवत. जितके दिवस उरले तितक्या गाठी. दोरी ज्याच्या हातात असेल त्यानं रोज सकाळी एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की तो दिवस आला. लग्नं, जत्रा, पंचायती, सगळं यावर चालायचं आणि कुणाचं काही चुकत नसे. कोलूनंही तसंच केलं होतं. बारा दिवसांपूर्वी, बुधवारी, त्यानं बारा गाठींची दोरी मुश्ताकच्या काकांजवळ दिली होती. नूर मोहम्मद काका बैलबंडी घेऊन मोहफुलं विकत घ्यायला गावोगाव फिरत. या तीनच्या गाडीच्या गाठी आहेत, बाला सांगा, एवढंच कोलू म्हणाला होता. गाठी रोज सोडा, हे सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. ते काय सांगायचं असतं?

नूर मोहम्मद काका देवमाणूस. पोरानं विश्वासानं दिलेली वस्तू त्यांनी रुमालात बांधून, पेटीत घालून, तीन दिवस तीन गावं फिरून कोसमटोल्यात पोचवली. एकही गाठ त्यांनी सुटू दिली नव्हती.

आणि कोलू स्वतः शनिवारी घरी आला, दोन रात्री त्याच घरात झोपला, पण मागच्या खांबाला लटकणाऱ्या दोरीकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. आपण स्वतः हजर असल्यावर आपणच पाठवलेला निरोप कोण वाचत बसतं?

आता तो खांबापुढे उभा होता. माय नेमानं रोज सकाळी गाठ सोडत होती, आजचीही सोडून झाली होती. तीन गाठी शिल्लक होत्या, म्हणजे दोरीच्या हिशोबानं गाडी गुरुवारी, बस्तरवारी. त्याला रडूच आलं. माय विचारत राहिली, काय झालं, काय झालं, आणि त्यानं सांगितलं तेव्हा तिनं दोरी खांबावरून काढून हातात घेतली आणि तशीच खाली बसली.

तासाभरात सारं गाव मोहाच्या झाडाखाली जमलं. कोलूनं सगळं सांगितलं. गाठींचा घोळ सांगितला, गाडीचं सांगितलं. लोक समजून घेत नव्हते असं नाही. उलट सगळ्यांना वाईट वाटत होतं, नूर मोहम्मदला कुणी शिव्या घालत नव्हतं. पण दोरी सोडा, असंही कुणी म्हणत नव्हतं.

देवाजी पाटील सगळ्यांत शेवटी बोलला. "पोट्ट्या, तुह्या परीक्षेचं मले दुःख नाई असं समजू नको," तो म्हणाला. "पन मागच्या सालचं तुले मालूम आहे."

कोलूला ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं. मागच्या वर्षी बांधणीच्या दिवशी पाटलाचा सालदार सुटलेला बैल आणायला म्हणून रेघ ओलांडून गेला. पाटलानंच पाठवला होता, बैल महागाचा होता. महिन्याभरात पाटलाचे दोन नातू देवीनं गेले. त्या दिवसापासून देवाजी पाटलाचा आवाज बसला तो बसलाच.

शाळेतल्या आरोग्याच्या पुस्तकात देवीवर अख्खा एक धडा होता आणि कोलूला तो तोंडपाठ होता. टोचून घ्यावे, रोग्याला वेगळे ठेवावे, साथीच्या गावी जाऊ-येऊ नये. आता साथीच्या गावी जाऊ नये म्हणणारं पुस्तक आणि वाटेवर दोरी बांधणारा बाप यांचं भांडण तरी काय होतं, देव जाणे. पण एवढ्या लोकांपुढे, त्यातही पाटलापुढे, पुस्तक उघडायची त्याला लाज वाटली. ती दोन मढी त्यानंही पाहिली होती.

"उद्या उजाडल्याबरोबर सोडतो तुले," जंगू म्हणाला. "मी स्वतः नदीपोत्तर येतो."

"उद्या नदीपोत्तर पोचतो तवा तिकडं पेपर सुरू होऊन राहीन, बा."

जंगूला घड्याळातले सात म्हणजे किती हे कळत नव्हतं, पण पोराचा चेहरा कळत होता.

दहा वाजले असतील. शाळेत आता पोरं ट्रंका घेऊन ओळीनं उभी असतील, डोर्लीकर नावं घेत असतील, आणि आपल्या नावाला कुणी काही बोलत नसेल. हा विचार आला आणि कोलू उठला. कुणाला काही न सांगता तो नाल्याच्या बाजूला गेला. तिकडे बांबूवाले गडी नव्हते. झुडपांतून गेलेली राखेची रेघ तेवढी होती, ढांग टाकली तर पलीकडे जाईल एवढी. गाठोडं तर खांद्यावरच होतं. कुणी पाहणार नव्हतं. पाच कोस, त्यात मध्ये वैनगंगेची वाळू. आत्ता पळत सुटलं तर गाडी नक्की मिळाली असती.

तो रेघेशी उभा राहिला. एक पाय उचलला आणि परत ठेवला. पलीकडे काही नव्हतं, मोहाची पिवळी फुलं पडलेली आणि वाळका पाला. पावसाआधी कुणाच्या तरी घरी पोर तापेल. देवीनं असो, हिवतापानं असो, तापेल हे नक्की, दर साली तापतंच. आणि मग सगळं गाव आपल्या बापाकडे पाहील. रेघ बापानं ओढली आणि बापाच्या पोरानं ओलांडली. बांबूवाल्या गड्यांनी अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. कुणीच अडवत नव्हतं आणि म्हणून त्याला जाता येत नव्हतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला. तो मागे फिरला.

बारा वाजायच्या सुमाराला वाटेकडून सायकलच्या घंटीचा आवाज आला. कोलू धावत दोरीपाशी गेला. पलीकडे मुश्ताक उतरत होता, धुळीनं माखलेला, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. हेडमास्तरांनी त्याला कोलूला आणायला धाडलं होतं आणि स्वतःचं साखळीचं घड्याळ त्याच्या खिशात घातलं होतं. ते घड्याळ डोर्लीकर कुणाला हातही लावू देत नसत.

"काऊन बे, झोपला होता का?" मुश्ताक म्हणाला आणि दोरी वर करून आत यायला वाकला. दोन बांबू त्याच्या छातीपुढे आले. तो दचकून मागे सरला.

कोलूनं दोरीच्या अलीकडून त्याला सगळं सांगितलं. मुश्ताकनं ऐकून घेतलं. काकांचा रुमाल आणि पेटी ऐकल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. मग घड्याळ काढून पाहिलं. "बारा वाजून दहा. सायकलनं दीड घंटा, नदीत सायकल खांद्यावर घ्या लागते. एक वाजेपर्यंत निघालो तर गाडी भेटते. त्याच्यानंतर मंग काही खरं नाई."

"तू जाय," कोलू म्हणाला. "मास्तरले सांग. तुही गाडी चुकवू नको."

मुश्ताकनं सायकल झाडाला टेकवली. मग तो राखेच्या रेघेपासून हातभर दूर, वाटेच्या मधोमध मांडी घालून बसला.

"मुश्ताक, जाय ना."

"भूमितीचा पेपर कोन सांगनार मले? तुहा बाप?" मुश्ताक म्हणाला. "एक वाजेपर्यंत बसतो. एकाच्या बादही बसीन कदाचित. तुले काय करायचं आहे?"

हे सगळं जंगू चार पावलांवरून ऐकत होता. बाहेरच्या पोराचं बोलणं त्याला अर्धंमुर्धंच कळलं, पण तो मांडी घालून बसला ते कळलं. इतका वेळ एकाच पोराचं नुकसान होत होतं. आता दोन पोरांचं होणार होतं आणि दुसरं पोर तर गावाचंही नव्हतं. जंगू वळला आणि मोहाच्या झाडाखाली गेला. कोलू त्याच्या मागे गेला. लोक पुन्हा जमले.

म्हातारी बुधरी गावात सगळ्यांत वयाची. तिला दिसत कमी होतं, ऐकू मात्र सगळं यायचं. ती काठी टेकत पुढे आली. "जंगू, तू काऊन बोलत नाई?" ती म्हणाली. "तुले मालूम आहे. माह्या बापाच्या वक्ताले एक बांगडीवाला बांधनीत आत सापडला होता. पावना होता. पावन्यावर बांधनी लागत नाई. आत राह्यला तर उलटी बांधनीच तुटते. त्याले पाठमोरा बाहेर काढला, रेघेवर कोंबडं देल्लं, अन दोरी राह्यली."

कोलूनं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की बुधरीनं नवीन काही सांगितलं नव्हतं. बापाला हे सकाळपासून ठाऊक होतं. सगळ्या रीती त्यालाच तर ठाऊक होत्या. ठाऊक असूनही त्यानं तोंडातून काढलं नव्हतं.

"पावना म्हनलं तर जमते," देवाजी पाटील त्या बसलेल्या आवाजात म्हणाला. तो कोलूकडे नाही, जंगूकडे पाहत होता. "मी आडवा येनार नाई. पन भाऊ, आज गाडीपुरता पावना अन उद्या परत गावचा, असं होत नसते. तसं केलं तर ते देवाले फसवनं झालं, अन मी मागच्या साली फसवून पाह्यलं आहे. पावना म्हनजे पावना. मंग त्यानं आपल्या देवाच्या जागी जायचं नाई. बांधनीले उभं राह्यचं नाई. तुह्यामागं भुमका तो नाई."

सगळे खाली पाहू लागले. जंगूच्या आधी त्याचा बाप भुमका होता, त्याआधी आजा, त्याआधी त्याचा बाप. जंगूला कोलूशिवाय दुसरा पोरगा नव्हता. डोंगरावरची देवाची जागा, तिथे काय म्हणायचं, कोणत्या झाडाची डहाळी कुठल्या दिवशी तोडायची, हे सगळं या एका पोराच्या कानात घालायचं म्हणून तो थांबला होता. शाळा सुटली की सांगीन, असं तो सोमारीला नेहमी म्हणे.

सोमारी बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिच्या हातात अजून ती दोरी होती.

"घड्याळात किती झाले इचार त्याले," जंगू म्हणाला.

एक गडी वाटेकडे पळत गेला आणि पळत आला. "पंधरा मिनटं राह्यली म्हनते."

जंगूनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. कोलूला वाटलं, बा आता नाही म्हणेल. आणि त्याला खरंच कळेना की बा नाही म्हणाला तर आपल्याला वाईट वाटेल की सुटल्यासारखं होईल. चार वर्षं जिवाचं रान करून शिकलेलं सगळं, त्रैराशिक, नकाशे, भूमितीचे सिद्धांत, डोक्यात गर्दी करून उभं होतं.

मग जंगू चालत त्याच्यासमोर आला. दोन हात दूर थांबला. बांधणीच्या वेळी परक्या माणसापुढे भुमका उभा राहतो तसा, हात जोडून.

"पावना," तो म्हणाला, "कोन्या गावचे तुमी?"

बापानं त्याला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. विचारणं बापाचं होतं, पण बोलायचं होतं ते त्यालाच. कोसमटोल्याचा, असं एकदा म्हटलं असतं तर हात धरून बापानं घरी नेलं असतं. मायनं भात वाढला असता. उद्या, परवा, सगळं होतं तसं राहिलं असतं. फक्त परीक्षा नसती. देवाजी पाटलानं डोळे मिटून घेतले होते.

"मी," कोलू म्हणाला. आवाज फुटला नाही. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "मी वडशाचा."

जंगूनं मान हलवली. पोरानं चूक केली की बरोबर, यातलं काहीच त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. "पावन्याले रस्ता द्या," तो मागे वळून गड्यांना म्हणाला.

रीत होती तसं कोलूला पाठमोरं नेलं. त्यामुळे गावाकडे तोंड करूनच त्याला जावं लागलं. एकेक घर, आंबा, विहीर, गुरांचा गोठा, मोहाच्या झाडाखालची माणसं, सगळं त्याच्यासमोरून मागे मागे सरत गेलं. कुणी त्याचं नाव घेतलं नाही. बरोबर खेळलेली पोरं आयांच्या पदराआडून त्याच्याकडे नवख्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होती. दोरी गड्यांनी वर उचलली. जंगूनं रेघेवर कोंबडं दिलं. त्याचा हात नेहमी एका झटक्यात चाले, आज दोनदा चालवावा लागला. राखेची नवी रेघ जंगूनं वाकून स्वतः ओढली, आणि ती ओढत असताना कोलू पलीकडे होता.

मुश्ताकनं गाठोडं हँडलला बांधलं, कोलूला पुढच्या दांडीवर बसवलं आणि पायडल मारलं. अर्ध्या वाटेपर्यंत तो एकटाच बोलत होता, उताराला किती वाजले, नदीला किती वाजले, एवढंच. वैनगंगेच्या वाळूत दोघांनी सायकल उचलली तेव्हा कोलू रडत होता आणि मुश्ताकनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. स्टेशनवर ते पोचले तेव्हा इंजिनानं शिटी दिली होती. डोर्लीकर डब्याच्या दारात उभे होते. त्यांनी आधी घड्याळ परत मागितलं आणि मग दोघांना दंड धरून आत ओढलं. सायकल हमालाच्या स्वाधीन झाली. चांद्याला चार दिवस कोलूनं पेपर लिहिले. भूमितीच्या आदल्या संध्याकाळी मुश्ताकला तीन सिद्धांत घोकवले. गावाचं तो कुणाशी काही बोलला नाही.

निकाल जूनमध्ये आला. कोलू शाळेत दुसरा आला होता, मुश्ताक कसाबसा पास. डोर्लीकरांनी दोघांना पेढे दिले. कोलूला पुढे मास्तरकीच्या शाळेत पाठवायचं पक्कं झालं. शाळेच्या शिक्क्याचा निकालाचा कागद घेऊन तो कोसमटोल्याला निघाला. पावसाळा अजून लागला नव्हता, गावात त्या वर्षी कुणी दगावलं नव्हतं. वाटेवर त्याला ओळखीची माणसं भेटली. सगळ्यांनी चांगलं विचारलं, रामराम केला. पूर्वी रामराम कुणी करत नसे.

जंगू घरी नव्हता, की असून आला नाही, ते कळलं नाही. मायनं ओसरीवर चटई टाकली. तांब्याभर पाणी आणून त्याच्यापुढे ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून पदर सावरून उभी राहिली. बसा म्हणाली. तो बसला. त्यानं निकालाचा कागद काढला, आणि सवयीनं उठून आतल्या खोलीकडे निघाला. घराचे देव तिथे मडक्यात होते. नवीन काही घरात आलं की आधी त्यांच्यापुढे ठेवायचं, मग हात लावायचा, असं लहानपणापासून होतं. चौकटीपाशी तो थांबला. पाहुणा तिथवरच जातो.

सोमारी त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. तिनं हात पुढे केला. त्यानं कागद तिच्या हातात दिला. ती आत गेली. आत अंधार होता, त्याला ती दिसत नव्हती. मडक्याचं झाकण काढल्याचा आवाज आला. आणि मग तिचं बोलणं ऐकू आलं, हलक्या आवाजात, कुणी ऐकू नये असं.

"माहा लेक पास झाला. ऐकून राह्यले ना तुमी? माहा लेक आहे तो. दुसऱ्या कोनाचा नाई."

तो चौकटीला धरून उभा होता. थोड्या वेळानं ती बाहेर आली, डोळे पुसलेले होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"पावना," ती म्हणाली, "हात धुवा. जेवाले वाढतो."